वेस्टर्न बक्कल

वेस्टर्न बक्कल म्हणजे कमरपट्ट्याच्या मध्यभागी, ठळकपणे दिसेल अशा रीतीने लावले जाणारे धातूचे मोठे व नक्षीदार बक्कल होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पश्चिमेकडील राज्ये, कॅनडाचा पश्चिम भाग आणि मेक्सिकोचा उत्तर भाग येथील पोशाखाशी ते प्रामुख्याने निगडित आहे. रुंद कडांची टोपी, उंच टाचांचे बूट, जीन्स आणि हे बक्कल मिळून काउबॉयचा पोशाख पूर्ण होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य काउबॉय असे बक्कल वापरीत नव्हते. विसाव्या शतकात चित्रपटांमुळे ते लोकप्रिय झाले आणि रोडिओ स्पर्धांत पारितोषिक म्हणून दिले जाऊ लागल्यावर त्याला प्रतिष्ठा लाभली. त्यामुळे आज या बक्कलाला दोन अर्थ आहेत: विकत घेता येणारा अलंकार आणि केवळ जिंकूनच मिळणारे मानचिन्ह.

नाव व संज्ञा

‘बक्कल’ हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला. इंग्रजीत तो फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला असून मूळ लॅटिन शब्द ‘बुक्कुला’ हा ‘गाल’ या अर्थाच्या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप आहे. शिरस्त्राणाच्या गालावरून जाणाऱ्या पट्टीला ही संज्ञा होती.

मराठीत या शब्दाला आणखी एक छटा आहे. पोलीस शिपायाच्या क्रमांकाला ‘बक्कल नंबर’ म्हणतात. कचेरीचे नाव कोरलेल्या, पट्ट्यावर लावावयाच्या पितळी बिल्ल्यास ‘चपरास’ म्हणत व त्यावरूनच ‘चपराशी’ हा शब्द रूढ झाला. कमरेवरील वा छातीवरील पट्ट्याच्या धातूच्या तुकड्यावरून माणसाचा हुद्दा ओळखण्याची कल्पना त्यामुळे मराठी भाषकांना अपरिचित नाही. वेस्टर्न बक्कलही याच रीतीने ‘वाचले’ जाते. त्यावर स्पर्धेचे नाव, वर्ष, क्रीडाप्रकार आणि विजेत्याचा दर्जा कोरलेला असतो.

रचना

रोजच्या वापरातील साध्या बक्कलात एक चौकट व तिच्या मध्यावर फिरणारा काटा असतो. पट्ट्याचे टोक चौकटीतून वर येते आणि काटा पट्ट्याच्या भोकात बसतो. पारितोषिकाच्या वेस्टर्न बक्कलाची रचना बहुधा याहून वेगळी असते. त्याचा दर्शनी भाग म्हणजे एक अखंड पत्रा असतो. पत्र्याच्या मागील बाजूस एका कडेला आडवी कडी व दुसऱ्या कडेजवळ एक लहान आकडा असतो. पट्ट्याचे एक टोक कडीभोवती वळवून बटणांनी बंद केले जाते, तर दुसरे टोक बक्कलाच्या मागून नेऊन त्यातील भोक आकड्यात अडकविले जाते. त्यामुळे पट्ट्याचे मोकळे टोक बक्कलाखाली झाकले जाते आणि समोरून केवळ नक्षी दिसते.

पट्टा बटणांनी जोडलेला असल्यामुळे एकाच पट्ट्यावर निरनिराळी बक्कले बदलून लावता येतात. अशा पट्ट्याची रुंदी सामान्यतः दीड इंच, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर असते. मोठा पत्रा सपाट असल्यास वाकताना पोटाला टोचतो, म्हणून त्याला किंचित बाहेरच्या बाजूस फुगीर आकार दिला जातो.

प्रकार

१. पारितोषिक बक्कल: हे लंबगोलाकार, आयताकार अथवा कंगोरेदार कडांचे व आकाराने मोठे असते. मध्यभागी वळूवर किंवा उसळणाऱ्या घोड्यावर बसलेल्या स्वाराची आकृती, वर व खाली अक्षरांच्या पट्ट्या आणि कडेने दोरीच्या पिळाची नक्षी, अशी त्याची नेहमीची मांडणी असते.

२. रेंजर संच: यात चौकट व काटा असलेले लहान बक्कल, पट्ट्याचे टोक अडकविण्यासाठी एक किंवा दोन धातूचे लूप आणि टोकावर बसविण्याची धातूची टोपी असते. हे नाव टेक्सास रेंजर्स या दलावरून पडले. हा प्रकार तुलनेने साधा असून औपचारिक पोशाखावरही वापरला जातो.

३. पिरोजाजडित बक्कल: नैर्ऋत्य अमेरिकेतील नावाहो, झुनी व होपी या आदिवासी समाजांच्या चांदीकामाच्या परंपरेतील बक्कल.

४. स्मरणार्थ बक्कल: संस्था, कंपन्या, शहरे अथवा प्रसंग यांच्या नावे ओतीव पितळ किंवा जस्ताच्या मिश्रधातूपासून मोठ्या संख्येने तयार केलेले स्वस्त बक्कल.

साहित्य व कारागिरी

उच्च प्रतीची बक्कले स्टर्लिंग चांदीची असतात. या चांदीत ९२.५ टक्के शुद्ध चांदी व उर्वरित भाग बहुधा तांब्याचा असतो. मध्यम किमतीच्या बक्कलांसाठी जर्मन सिल्व्हर वापरतात. तांबे, निकेल व जस्त यांच्या या मिश्रधातूत नावाप्रमाणे चांदी मात्र मुळीच नसते. त्यावर चांदीचा मुलामा देण्याची पद्धत आहे. अक्षरे व आकृत्या पितळेच्या किंवा सोन्याच्या पातळ पत्र्यातून कापून डाख देऊन पार्श्वभूमीवर जोडल्या जातात.

पार्श्वभूमीवरील वेलबुट्टी हा या कारागिरीतील कसोटीचा भाग मानला जातो. धारदार छिन्नीने तिरकस काप घेतल्यामुळे प्रत्येक रेषेच्या कडेवर प्रकाश चमकतो. हाताने कोरलेल्या बक्कलावरील कोणत्याही दोन पाने-फुलांत सूक्ष्म फरक आढळतो. ठशाने उमटविलेल्या नक्षीत तो नसतो. याखेरीज तारकाम, मीनाकाम, दोरीच्या पिळाची कडा आणि रंगीत खड्यांची जडण यांचाही उपयोग केला जातो. कोरीवकाम उठून दिसावे म्हणून खोलगट भाग रसायनाने काळा करून वरचा भाग घासून उजळ केला जातो.

१९७३ मध्ये मोंटाना राज्यातील कोलंबस या गावी स्थापन झालेली मोंटाना सिल्व्हरस्मिथ्स ही या क्षेत्रातील प्रसिद्ध कंपनी आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या मालाबरोबरच एकेक बक्कल हाताने घडविणारे स्वतंत्र कारागीरही पश्चिमेकडील राज्यांत आढळतात.

इतिहास

लष्करी पट्टे

अमेरिकेत पट्ट्यावरील धातूच्या पत्र्याला प्रथम महत्त्व आले ते लष्करात. यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) उत्तरेकडील सैनिकांच्या पट्ट्यावर संयुक्त संस्थानांची आद्याक्षरे असलेला लंबगोल पितळी पत्रा असे. अधिकाऱ्यांच्या तलवारीच्या पट्ट्यावर गरुडचिन्ह असे. दक्षिणेकडील सैन्यानेही स्वतःची आद्याक्षरे असलेले पत्रे वापरले. युद्धानंतर पश्चिमेकडे गेलेल्या अनेक माजी सैनिकांबरोबर हे पट्टेही तिकडे गेले.

गुरे हाकण्याचा काळ

यादवी युद्धानंतर टेक्सासमधील गुरांचे कळप उत्तरेकडे कॅन्सासमधील रेल्वे स्थानकांपर्यंत हाकत नेण्याचा व्यवसाय भरभराटीस आला. ॲबिलीन येथे १८६७ पासून अशी गुरे रेल्वेने पूर्वेकडे पाठविली जाऊ लागली. हे कळप हाकणारे घोडेस्वार म्हणजे काउबॉय. ते मजुरीवर काम करणारे व बहुतेक तरुण होते. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन याला काटेरी तारेचे एकस्व मिळाले आणि मोकळी कुरणे हळूहळू कुंपणांत विभागली गेली. १८८६–८७ च्या कडक हिवाळ्यात गुरांची प्रचंड हानी झाली. अशा रीतीने मोकळ्या कुरणांचा हा काळ अवघ्या दोन दशकांत ओसरला.

या काळातील काउबॉयची विजार बहुधा गॅलिसच्या आधारे किंवा कमरेस घट्ट बसण्यामुळे जागेवर राहत असे. विजारीला पट्टा ओवण्यासाठी पट्ट्या नसत. काडतुसे व पिस्तूल यांसाठी लावल्या जाणाऱ्या पट्ट्याचे बक्कल साध्या लोखंडी वा पितळी चौकटीचे असे. मे १८७३ मध्ये जेकब डेव्हिस व लेव्ही स्ट्रॉस यांनी तांब्याच्या रिव्हेटांनी मजबूत केलेल्या विजारीचे एकस्व मिळविले. त्या विजारीलाही गॅलिसची बटणेच होती. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने जीन्सला पट्टा ओवण्याच्या पट्ट्या १९२२ मध्ये जोडल्या आणि गॅलिसची बटणे १९३७ मध्ये काढून टाकली. मोठे नक्षीदार बक्कल सर्वसामान्य होण्यासाठी आवश्यक असलेली विजारच अशा प्रकारे खऱ्या काउबॉय-काळानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी आली.

मेक्सिकन व आदिवासी परंपरा

काउबॉयचे कौशल्य व साहित्य मोठ्या प्रमाणावर मेक्सिकोतील ‘वाकेरो’ या घोडेस्वार गुराख्यांकडून आले. खोगीर, फास आणि चामड्यावरील व चांदीतील अलंकरण यांवर त्यांची छाप स्पष्ट दिसते. मेक्सिकोतील ‘चार्रो’ घोडेस्वारांच्या पोशाखात चांदीचे अलंकार आणि ‘पिता’ या वनस्पतितंतूने भरतकाम केलेले रुंद पट्टे यांना मानाचे स्थान आहे. हालिस्को राज्यातील कोलोत्लान हे गाव या भरतकामासाठी प्रसिद्ध आहे. चार्रो घोडेस्वारीच्या परंपरेचा, म्हणजेच ‘चार्रेरिया’चा, युनेस्कोने २०१६ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत समावेश केला.

नावाहो समाजात चांदीकाम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले. मेक्सिकन लोहाराकडून धातुकाम शिकलेला अत्सिदी सानी हा पहिला नावाहो चांदी-कारागीर मानला जातो. आरंभी अमेरिकन व मेक्सिकन नाणी वितळवून चांदी मिळविली जात असे. ‘कोंचो’ नावाच्या चांदीच्या चकत्या ओवलेला पट्टा ही या समाजाची खास ओळख होय. कोंचो हे नाव शिंपला या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांसाठी फ्रेड हार्वी कंपनीने वजनाला हलके दागिने करवून घेण्यास सुरुवात केली. यामुळे कारागिरांना बाजारपेठ मिळाली, तसेच नक्षीवर ग्राहकांच्या कल्पनांचा प्रभावही पडू लागला.

चित्रपटांचा प्रभाव

पश्चिमेकडील जीवनाचे रंगमंचीय रूप १८८३ मध्ये सुरू झालेल्या बफेलो बिलच्या खेळांनी पूर्वेकडील शहरांत व युरोपात नेले. पुढे मूकपटांनी ते जगभर पसरविले. टॉम मिक्स याच्यासारख्या नटांचा पोशाख कामाच्या सोयीपेक्षा पडद्यावर उठून दिसण्यासाठी केलेला असे. स्वीडनमध्ये जन्मलेले कारागीर एडवर्ड बोलिन यांनी हॉलिवुडमध्ये चित्रपट-कलावंतांसाठी चांदीने मढविलेली खोगिरे व बक्कले तयार केली.

हॉवर्ड हॉक्स दिग्दर्शित ‘रेड रिव्हर’ (१९४८) या चित्रपटाशी संबंधित बक्कल विशेष प्रसिद्ध आहे. त्यावर चित्रपटातील गुरांना डागण्याची खूण, म्हणजे नदीच्या दोन नागमोडी रेषा व एक अक्षर, कोरलेली होती. हॉक्स व नट जॉन वेन यांनी अशी बक्कले एकमेकांना भेट दिली. वेन यांनी ते पुढे ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) व इतर चित्रपटांतही वापरले. काउबॉय म्हटले की मोठे बक्कल, हे समीकरण प्रेक्षकांच्या मनात अशा चित्रपटांनी पक्के केले.

रोडिओतील स्थान

गुरे पकडणे, फास टाकणे, अडेल घोडा वठणीवर आणणे या रोजच्या कामांतून रोडिओ हा क्रीडाप्रकार निर्माण झाला. ॲरिझोनातील प्रेस्कॉट (१८८८), वायोमिंगमधील शायेन (१८९७), ओरेगॉनमधील पेंडलटन (१९१०) आणि कॅनडातील कॅलगरी (१९१२) येथील स्पर्धा दीर्घ परंपरेच्या आहेत. रोख रक्कम व खोगीर यांबरोबर बक्कल देण्याची प्रथा विसाव्या शतकात रूढ झाली. ढाल किंवा चषक घरी ठेवावा लागतो. बक्कल अंगावर वागविता येते आणि स्पर्धकाला गावोगाव हिंडताना ते नेणे सोपे जाते.

रोडिओपटू सामान्यतः वेतनावर नसतो. प्रत्येक स्पर्धेचे प्रवेशशुल्क व प्रवासखर्च तो स्वतः भरतो आणि क्रमांक न आल्यास रिकाम्या हाताने परततो. १९३६ मध्ये बॉस्टन येथील स्पर्धेत बक्षिसाची रक्कम अपुरी असल्याच्या कारणावरून स्पर्धकांनी संप केला व ‘काउबॉइज टर्टल असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. संघटित होण्यास आपण कासवाप्रमाणे वेळ लावला, असे या नावातून सुचविले होते. हीच संघटना १९४५ मध्ये नवे नाव घेऊन पुढे १९७५ मध्ये ‘प्रोफेशनल रोडिओ काउबॉइज असोसिएशन’ झाली.

या संघटनेची ‘नॅशनल फायनल्स रोडिओ’ ही अंतिम स्पर्धा १९५९ मध्ये डॅलस येथे प्रथम झाली. १९८५ पासून ती लास व्हेगास येथे भरते. केवळ २०२० मध्ये ती टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे घ्यावी लागली. हंगामातील कमाईनुसार प्रत्येक प्रकारातील पहिल्या १५ स्पर्धकांना प्रवेश मिळतो आणि दहा दिवसांत दहा फेऱ्या होतात. वर्षभराच्या एकूण कमाईवरून जगज्जेता ठरतो. त्याला मिळणारे ‘सोनेरी बक्कल’ हे या क्षेत्रातील सर्वोच्च मानचिन्ह होय.

हे मानचिन्ह मिळविण्यातील धोका मोठा असतो. वळूच्या पाठीवर एका हाताने दोरी धरून आठ सेकंद टिकावे लागते. दुसऱ्या हाताचा वळूला अथवा स्वतःला स्पर्श झाल्यास फेरी बाद होते. १९८७ चा जगज्जेता लेन फ्रॉस्ट हा जुलै १९८९ मध्ये शायेन येथे आठ सेकंद पूर्ण करून खाली उतरल्यावर वळूच्या धडकेने मृत्यू पावला. त्या वेळी तो २५ वर्षांचा होता. या घटनेनंतर त्याचा सहकारी कोडी लॅम्बर्ट याने संरक्षक जाकीट विकसित केले व वळूस्वारांत त्याचा वापर रूढ झाला. जनावरांना होणाऱ्या त्रासावरून प्राणिहक्क संघटना रोडिओवर सातत्याने टीका करीत आल्या आहेत.

विजेतेपदाचा मजकूर असलेले बक्कल न जिंकता लावणे रोडिओशी संबंधित लोकांत अशोभनीय समजले जाते. वडिलांचे किंवा आजोबांचे बक्कल वारशाने जपले जाते. शालेय रोडिओ व जनावरांच्या प्रदर्शनांतही मुलामुलींना बक्कले दिली जातात, त्यामुळे ग्रामीण भागांतील अनेकांचे पहिले बक्कल शाळकरी वयातील असते.

स्त्रिया व कृष्णवर्णीय स्पर्धक

विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियाही अडेल घोड्यांवर स्वारी करीत. १९२९ मध्ये पेंडलटन येथे बॉनी मॅकॅरोल हिचा घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतीने मृत्यू झाला. त्यानंतर असे प्रकार स्त्रियांसाठी मोठ्या प्रमाणावर बंद झाले. १९४८ मध्ये टेक्सासमधील सॅन अँजेलो येथे स्त्रियांनी स्वतःची संघटना स्थापन केली. पिंपांभोवती घोडा वळविण्याच्या शर्यतीत शार्मेन जेम्स हिने १९८४ मध्ये वयाच्या १४ व्या वर्षी जगज्जेतेपद मिळविले.

एकोणिसाव्या शतकातील काउबॉयपैकी सुमारे एक चतुर्थांश कृष्णवर्णीय असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. गोऱ्ह्याची शिंगे धरून त्याला लोळविण्याच्या प्रकाराचे श्रेय बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयला दिले जाते. असे असूनही वर्णभेदामुळे अशा स्पर्धकांना दीर्घकाळ दुय्यम वागणूक मिळाली. वळूस्वारीतील जगज्जेत्याचे बक्कल १९८२ मध्ये चार्ली सॅम्पसन याने मिळविले. तो मान मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला.

फॅशनमधील स्थान

दुसऱ्या महायुद्धानंतर कंट्री संगीताच्या गायकांनी झगमगीत वेस्टर्न पोशाख लोकप्रिय केला. कीव्ह येथे जन्मलेले शिंपी नुडी कोन यांचे हॉलिवुडमधील दुकान चमकत्या खड्यांच्या पोशाखांसाठी प्रसिद्ध होते. १९७० च्या दशकात ओतीव पितळी बक्कले ट्रकचालकांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वत्र दिसू लागली. १९८० मध्ये जॉन ट्रॅव्होल्टा यांची भूमिका असलेला ‘अर्बन काउबॉय’ हा चित्रपट आला. तो टेक्सासमधील एका नाचघराभोवती गुंफलेला असून त्यात यांत्रिक वळूवर बसणारे शहरी तरुण दिसतात. या चित्रपटानंतर टोपी, बूट व मोठे बक्कल यांची लाट शहरांत आली.

राल्फ लॉरेन यांच्यासारख्या संकल्पकांनी वेस्टर्न पोशाखाला उच्चभ्रू फॅशनमध्ये स्थान दिले. जानेवारी २०२४ मध्ये पॅरिस येथे फॅरेल विल्यम्स यांनी लुई व्हिटॉनसाठी सादर केलेला पुरुषांचा पोशाखसंग्रह काउबॉय कल्पनेवर आधारित होता. त्याच वर्षी बियॉन्से यांचा ‘काउबॉय कार्टर’ हा संगीतसंग्रह प्रसिद्ध झाला व वेस्टर्न पोशाखाची चर्चा पुन्हा वाढली.

भारतात हा पोशाख मुख्यतः चित्रपटांतून पोहोचला. कृष्णा यांची भूमिका असलेला ‘मोसगाळ्ळकु मोसगाडु’ (१९७१) हा तेलुगू चित्रपट भारतातील पहिला काउबॉयपट मानला जातो. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत फिरोज खान यांनी ‘खोटे सिक्के’ (१९७४) व ‘काला सोना’ (१९७५) यांसारख्या चित्रपटांतून ही धाटणी रूढ केली.

बनावट बक्कले

जुन्या बक्कलांना संग्राहकांकडून मागणी येऊ लागल्यावर नकलांचाही सुळसुळाट झाला. १९६० व १९७० च्या दशकांत टिफनी या नामांकित सराफी पेढीचे नाव कोरलेली, वेल्स फार्गो आदी कंपन्यांची म्हणून भासविलेली ‘प्राचीन’ पितळी बक्कले बाजारात आली. त्यांना आधार म्हणून पर्सी सीबर्ट या नावाने व १९५० हे प्रकाशनवर्ष छापून एक संदर्भग्रंथही प्रसृत करण्यात आला. जे. डंकन कॅम्पबेल यांनी १९७३ मध्ये पुस्तक लिहून ही बक्कले नवी व तो ग्रंथ बनावट असल्याचे दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकातील अशा आलंकारिक बक्कलांविषयीच्या अनेक चुकीच्या समजुतींचे मूळ या फसवणुकीत आहे.

आदिवासी कारागिरांच्या कामाच्या नकलांमुळे त्यांच्या उपजीविकेचे थेट नुकसान होते. त्यास आळा घालण्यासाठी अमेरिकेत १९९० मध्ये कायदा करण्यात आला. आदिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे या कायद्यानुसार गुन्हा असून त्यासाठी दंड व कारावासाची तरतूद आहे.

इतर क्रीडाप्रकारांतील वापर

कॅलिफोर्नियात १९५५ पासून होणाऱ्या टेव्हिस चषक अश्वस्पर्धेत १०० मैलांचे (सुमारे १६१ किलोमीटर) डोंगराळ अंतर २४ तासांत पूर्ण करणाऱ्या स्वाराला चांदीचे बक्कल मिळते. मात्र अखेरीस घोडा पुढे चालण्यास सक्षम असल्याचे पशुवैद्यकीय तपासणीत ठरावे लागते. १९७४ मध्ये गॉर्डी एन्सली याने हेच अंतर घोड्याविना, पायी धावत २४ तासांच्या आत पार केले. त्यातून ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही १०० मैलांची धावण्याची स्पर्धा निर्माण झाली. या स्पर्धेत २४ तासांच्या आत पोहोचणाऱ्यास चांदीचे व ३० तासांच्या आत पोहोचणाऱ्यास कांस्य बक्कल देतात. पुढे कोलोरॅडोतील लेडव्हिलसह १०० मैलांच्या अनेक शर्यतींनी पदकाऐवजी बक्कल देण्याची प्रथा स्वीकारली. येथे बक्कल केवळ प्रथम येणाऱ्यास नव्हे, तर ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण करणाऱ्या प्रत्येकास मिळते.

संग्रहालये

ओक्लाहोमा सिटी येथील नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियम आणि कोलोरॅडो स्प्रिंग्स येथील प्रोरोडिओ हॉल ऑफ फेम (१९७९) या संस्थांत काउबॉय जीवन व रोडिओ यांच्याशी संबंधित खोगिरे, पोशाख आणि विजेत्यांची बक्कले जतन केलेली आहेत.